खेड्यातील मुलगी आणि हायस्कुलाची वाट

स्मरणिकेच्या पानांतून आपण दरवर्षी समाजातील कर्त्या पुरुषांचे स्मरण करतो. वसतिगृहासाठी जागा देणारे दाते, शिष्यवृत्तीनिधीस पहिली देणगी देणारे गृहस्थ, परगावी राहून वकील वा डॉक्टर झालेले पहिले विद्यार्थी यांची नावे आपल्या घराघरांतून ठाऊक आहेत, आणि ती असावीत हे योग्यच होय. तथापि त्याच काळात, त्याच घरांतून पाटीदप्तर घेऊन बाहेर पडलेल्या, किंवा बाहेर पडता पडता उंबरठ्यावरूनच परत फिरलेल्या मुलींचा इतिहास लिहावयाचा आपल्या हातून राहून गेला आहे. ही उणीव एका लेखाने भरून निघणार नाही हे आम्ही जाणतो. परंतु निदान आरंभ व्हावा, म्हणून हा अल्प प्रयत्न ज्ञातिबंधू व भगिनींपुढे ठेवीत आहोत.

मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की आपली दृष्टी सहजच पुण्याकडे वळते. १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. १८८४ साली रानडे, भांडारकर प्रभृतींच्या प्रयत्नाने हुजूरपागेचे मुलींचे हायस्कूल सुरू झाले. या घटनांचे महत्त्व कोणीही कमी लेखणार नाही. परंतु ज्या स्त्रीने ही वाट प्रथम पाडली ती सावित्री स्वतः सातारा जिल्ह्यातील नायगावची, एका खेड्यातील मुलगी होती, हे आपण पुष्कळदा विसरतो. तिला अक्षरओळख झाली ती माहेरच्या गावी नव्हे, तर विवाहानंतर पुण्यास आल्यावर. खेड्यात राहून, खेड्याच्या दारिद्र्यात राहून, मुलीने हायस्कुलापर्यंत पोहोचावे ही गोष्ट घडून येण्यास त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला. इतका काळ का लागला, याचा विचार करणे हाच या लेखाचा हेतू आहे.

गरिबी हे त्याचे कारण म्हणून सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. पण गरिबीची रूपे दोन. एक पैशाची गरिबी. फी नाही, पुस्तक नाही, अंगावर धड वस्त्र नाही. दुसरी अंतराची गरिबी. शाळा आहे, पण ती आपल्या गावात नाही. पहिली गरिबी मुलाला आणि मुलीला सारखीच होती. दुसरी मात्र मुलीच्या वाट्याला कितीतरी अधिक आली.

याचे एक उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. कोकणातील मुरूड गावचा धोंडो केशव कर्वे हा गरीब घरचा मुलगा १८७५ च्या सुमारास परीक्षेस बसण्यासाठी घरून निघाला आणि कुंभार्लीचा घाट चढून, शंभर मैलांहून अधिक वाट पायी तुडवून साताऱ्यास पोहोचला. तेथे त्याची लहानखुरी मूर्ती पाहून त्याचे वय कमी ठरविण्यात आले व त्यास परीक्षेस बसू दिले नाही. ही हकीकत वाचताना आपले मन हळहळते. पण आम्हांस याप्रसंगी दुसराच विचार सुचतो. तो मुलगा निदान घाट चढून जाऊ तरी शकला. त्याच मुरुडातील, तितक्याच बुद्धीची, तितक्याच गरिबीतील एखादी मुलगी साताऱ्याची वाट धरूच शकली नसती. हाच मुलगा पुढे महर्षी झाला आणि त्याने आपले आयुष्य स्त्रियांच्या शिक्षणास वाहिले.

त्या काळची शाळांची मांडणीही ध्यानात घेतली पाहिजे. लहान गावात शाळा असलीच तर ती चौथीपर्यंत. मोठ्या गावात मराठी सातवीपर्यंत. सातवीस व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा होई. लोक तिला नुसते ‘फायनल’ म्हणत, आणि ती उत्तीर्ण झालेल्यास प्राथमिक शिक्षकाची नोकरी मिळण्याचा संभव असे. मॅट्रिकपर्यंत नेणारे हायस्कूल मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी, फार तर एखाद्या भरभराटीच्या तालुक्याच्या गावी असे. म्हणजे खेड्यातील मुलास पुढे शिकावयाचे तर घर सोडणे भाग होते; आणि घर सोडलेल्या मुलास कोठेतरी निवारा व दोन वेळची भाकरी मिळणे भाग होते. बहुजनसमाजाच्या शिक्षणाचा प्रश्न म्हणूनच मुळात वसतिगृहाचा प्रश्न होता.

हे वर्म राजर्षी शाहू छत्रपतींनी ओळखले. कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली, ती महाराजांच्या औदार्यामुळे. १९१७ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला. पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, व १९२४ पासून साताऱ्यास सर्व जातींची मुले एकत्र राहतील असे वसतिगृह चालविले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी या मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून अंगावरील दागिने एकेक करून दिले, आणि अखेरीस मंगळसूत्रही गहाण ठेवले. १९३० साली त्या निवर्तल्या. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांची जी पिढी पुढे शिकून शहाणी झाली, तिच्यावर या माउलीचे ऋण आहे.

हे सर्व कृतज्ञतापूर्वक नमूद करून आम्ही एक गोष्ट स्पष्टपणे सांगू इच्छितो, आणि ती सांगताना आपल्या समाजास वगळीत नाही. त्या काळच्या या अन्नछत्रांमागे स्त्रियांचे कष्ट होते, कित्येक ठिकाणी स्त्रियांचे दागिने होते. परंतु पंगतीस बसणारे विद्यार्थी बहुतेक सारे मुलगेच होते. शाहू महाराजांनी काय किंवा कर्मवीरांनी काय, मुलींच्या शिक्षणास विरोध तर केला नाहीच, उलट उत्तेजनच दिले. रयत संस्थेने शिक्षिका तयार करण्यासाठी जिजामातेच्या नावाने अध्यापिका विद्यालयही काढले. पण गावोगावीच्या ज्ञातिसंस्थांनी, म्हणजे आपल्यासारख्यांनी, जेव्हा निधी जमविले व खोल्या बांधल्या, तेव्हा मुलींसाठी खोली बांधावी हे पुष्कळ वर्षे कोणाच्या मनातही आले नाही. दुष्ट हेतू कोणाचाच नव्हता. मुलगी परगावी राहून शिकेल ही कल्पनाच तेव्हा कोणास शिवली नाही.

ज्यांस ही कल्पना सुचली त्यांतले अग्रणी पुन्हा कर्वेच होत. १८९६ साली त्यांनी अनाथबालिकाश्रम स्थापिला, आणि १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्यास, रावबहादूर गोखले यांनी दिलेल्या जागेतील झोपडीत नेला. १९०७ साली महिला विद्यालय व १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले. आश्रमात आलेल्या स्त्रियांत कितीतरी खेड्यापाड्यांतून आलेल्या होत्या. देवरुखच्या पार्वतीबाई आठवले ऐन तारुण्यात विधवा झाल्या, मोठेपणी शिकल्या, आणि पुढे आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत गावोगाव हिंडल्या. १९१८ साली त्या अमेरिकेस गेल्या व तेथे परक्यांच्या घरी घरकाम करून त्यांनी पोट भरले. हिंगण्याने शिकवणी दिली हे खरेच. पण त्याहूनही मोठी गोष्ट दिली ती ही की, घर सोडून आलेल्या स्त्रीला निर्धास्तपणे राहता येईल असे छप्पर दिले. मुलींच्या शिक्षणाची खरी किल्ली येथे होती.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटू लागले. १९४७ साली मुंबई प्रांतात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. १ जून १९४८ रोजी पुणे व तेव्हाचे अहमदनगर या दोन शहरांदरम्यान सरकारी एस.टी.ची पहिली गाडी धावली, आणि हळूहळू तांबड्या गाड्या आडमार्गाच्या गावीही दिसू लागल्या. मॅट्रिकच्या जागी शालान्त परीक्षा आली. त्या वेळी ती अकरावीस होत असे. मोठ्या खेड्यांतून नवी हायस्कुले निघाली. १९५९-६० च्या सुमारास, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांच्या आत आहे अशा घरच्या मुलामुलींस फी माफ करण्याची सवलत सुरू झाली. ‘ई.बी.सी.’ ही तीन अक्षरे त्यानंतर खेड्यातील निरक्षर आईबापांच्याही तोंडी बसली. पैशाच्या गरिबीवर हा मोठाच उतारा पडला.

परंतु अंतराची गरिबी कायम राहिली, आणि तिच्या जोडीला मुलीच्या वयाचा प्रश्न उभा राहिला. माध्यमिक शिक्षणाची वर्षे ती बाराव्यापासून सोळाव्यापर्यंतची. नेमकी हीच वर्षे आपल्या रूढीने विवाहाची मानली होती. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले, १९४९ साली ते पंधरा झाले, आणि अठरा व्हावयास १९७८ साल उजाडावे लागले. म्हणजे स्वातंत्र्यानंतरही तीस वर्षे, आठवी-नववीत शिकणाऱ्या मुलीस वर्गातून उठवून बोहल्यावर उभी करण्यास कायद्याची मोठीशी आडकाठी नव्हती. प्राथमिक शाळेत गेलेली मुलगी हायस्कुलात का दिसत नसे, याचे उत्तर पुष्कळ अंशी येथे आहे.

या काळाचे वर्णन आम्ही आपल्या शब्दांत करण्यापेक्षा आमच्या नात्यातील एका वृद्ध भगिनीची हकीकत सांगतो. त्या आज ऐंशीच्या घरात आहेत. नाव छापू नये अशी त्यांची इच्छा असल्याने ते दिले नाही.

त्यांचे वडील कोरडवाहू शेतकरी. गावची शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल नऊ मैलांवर, तालुक्यास. थोरला भाऊ समाजाच्या वसतिगृहात राहून शिकत होता. जागा व जेवण फुकट. ही मुलगी फायनलला केंद्रात चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली, तेव्हा वडील म्हणाले, “झालं तेवढं पुष्कळ झालं.” आईने मात्र हट्ट धरला. वसतिगृहात मुलींस जागा नव्हती. म्हणून तालुक्यास मामांच्या घरी सोय लावण्यात आली. मामांच्या घरी पहाटे पाणी भरावे, भाकऱ्या थापाव्यात, मामेभावंडांस न्हाऊ घालावे आणि मग शाळेस जावे. रात्री सर्वांची निजानीज झाल्यावर कंदिलाची वात बारीक करून अभ्यास करावा, असा क्रम तीन वर्षे चालला. फी माफ होती. पुस्तकांसाठी आईने शेळी विकली.

अकरावीच्या आरंभी मामांची बदली झाली आणि निवारा गेला. तेव्हा त्याच गावातील प्राथमिक शाळेच्या एका विधवा शिक्षिकेने तिला आपल्या एका खोलीच्या बिऱ्हाडात ठेवून घेतले. जेवणाचा डबा गावाहून एस.टी.ने येऊ लागला. आई पहाटे उठून भाकरी व कोरड्यास करी, अल्युमिनियमच्या डब्यावर फडके बांधी आणि डबा सकाळच्या गाडीच्या कंडक्टरच्या हवाली करी. कंडक्टर बदलत, पण डबा कधी चुकला नाही. फक्त पावसाळ्यात ओढ्यास पूर आला की गाडी येत नसे. अशाच एका खेपेस दोन दिवस भाजके शेंगदाणे आणि गूळ यांवर काढल्याचे त्या सांगतात. कष्टाचा पाढा वाचावा असा त्यात सूर नसतो. त्या हसत हसतच हे सांगतात.

आम्ही त्यांस विचारले, “आत्या, सगळ्यांत कठीण काय वाटलं?” त्या म्हणाल्या, “अभ्यास कधी जड गेला नाही, बाबा. रात्री निजायचं कुठं, हाच घोर असायचा.” आणि थोडे थांबून म्हणाल्या, “माझी अकरावी धाकटीच्या जिवावर झाली. मी गेले तशी पाणी, म्हैस, गोवऱ्या सगळं तिच्या अंगावर पडलं. ती चौथीतून घरी बसली ती बसलीच.”

या दोन वाक्यांत खेड्यातील स्त्रीशिक्षणाचा निम्मा इतिहास आला आहे, असे आम्हांस वाटते. गरीब घरात मुलीचे काम हे काम म्हणून मोजले जात नाही. पण ती शाळेस गेली की ते कोणीतरी करावेच लागते, आणि ते बहुधा दुसऱ्या मुलीच्या किंवा आईच्याच माथी येते. आत्याबाई पुढे अध्यापिका विद्यालयात गेल्या व त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ खेड्यांतील शाळांत नोकरी केली. आपल्या धाकट्या बहिणीच्या तिन्ही मुलींस त्यांनी स्वतःच्या घरी ठेवून शालान्त परीक्षेपर्यंत शिकविले. हे ऋण त्यांनी अशा रीतीने फेडले. आमच्या जुन्या स्मरणिका चाळल्या तर त्यांच्या बंधूंचे नाव वसतिगृहाच्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीत दोनदा आढळते. आत्याबाईंचे नाव एकदाही नाही. वसतिगृहाच्या यादीत त्यांचे नाव येणार तरी कसे? त्या वसतिगृहात नव्हत्याच. त्या कोणाच्या तरी ओसरीवर होत्या.

त्यानंतरच्या काळात शासनाचे धोरण मुलींस पुष्कळच अनुकूल झाले हे मान्य केले पाहिजे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात मुलींचे शिक्षण बारावीपर्यंत मोफत झाले. १९९६ साली अहिल्याबाई होळकर यांच्या नावाची योजना आली व ग्रामीण भागातील शाळकरी मुलींस एस.टी.चा मोफत पास मिळू लागला. २००४ साली कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांची निवासी योजना देशभर सुरू झाली. पुढे मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांत मुलींना शाळेत पोहोचविणाऱ्या निळ्या बसगाड्या धावू लागल्या, आणि कित्येक गावांत मुलींस सायकली मिळाल्या. वाचकांच्या ध्यानात येईल की, यांतील बहुतेक योजनांचा रोख एकाच गोष्टीवर आहे. तो म्हणजे घर आणि शाळा यांमधील अंतर. शंभर वर्षांपूर्वी हिंगण्याच्या झोपडीने जे केले, तेच काम आता बसच्या पासाने आणि सायकलीने व्हावयाचे आहे.

याचे फळही मिळाले. १९५१ च्या जनगणनेत भारतातील साक्षर स्त्रियांचे प्रमाण शेकडा ८.८६ होते, २०११ च्या जनगणनेत ते शेकडा ६४.६ झाले, आणि महाराष्ट्रात शेकडा ७५.९. आज आपल्या गुणगौरव समारंभात दहावी-बारावीची बक्षिसे घेण्यास व्यासपीठावर येणाऱ्यांत मुलींची रांग मुलांपेक्षा लांब असते, हे आपण सर्वजण दरवर्षी कौतुकाने पाहतो.

पण एवढ्याने समाधान मानून स्वस्थ बसावे अशी स्थिती नाही. ही वाट अद्याप किती कच्ची आहे, याचा प्रत्यय नुकताच आला. मार्च २०२० पासून साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्या घरी एकच फोन होता तेथे तो बहुधा मुलाच्या हाती गेला. पुढे २०२१ च्या अखेरीपासून काही महिने एस.टी. कर्मचाऱ्यांच्या संपामुळे गाड्या बंद राहिल्या, तेव्हा खेड्यातील मुलीपुढे पुन्हा तोच नऊ मैलांचा प्रश्न उभा राहिला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा २१.९ स्त्रियांचे विवाह अठराव्या वर्षापूर्वी झाल्याचे आढळले. म्हणजे पाचांत एकीहून अधिक. १९७८ चा कायदा होऊन चाळीस वर्षे उलटल्यानंतरची ही स्थिती आहे. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची अवस्था तर याहूनही बिकट. कोयता उचलून कुटुंब कारखान्याकडे निघाले की मुलीस मागे ठेवावे कोणाजवळ, हा प्रश्न पडतो; मग ती आईबापांबरोबर फडावर जाते, नाही तर तिचे लग्न उरकले जाते. या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ साली निघाली, ती यासाठीच. पुन्हा प्रश्न तोच: रात्री निजायचं कुठं?

या इतिहासावरून आपल्या समाजाने काय बोध घ्यावा, ते थोडक्यात सांगून हा लेख पुरा करतो. बक्षीस हे मुलगी पोहोचल्यानंतरचे कौतुक आहे, आणि ते चालू राहावे. पण वाटेतच थांबलेल्या मुलीस त्याचा उपयोग नाही. तिला हवी आहे ती तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी निर्धास्त राहण्याची जागा. आपल्या निधीतून नवी इमारत उभी करणे आज शक्य नसेल, तरी असलेल्या वसतिगृहाच्या काही खोल्या स्वतंत्र व्यवस्थेने मुलींस देता येतील की नाही, याचा विचार कार्यकारिणीने अवश्य करावा. शहरात स्थायिक झालेल्या कुटुंबांनी गावाकडील एखाद्या मुलीस आपल्या घरी ठेवून घ्यावे. मात्र कामास माणूस मिळाले अशा बुद्धीने नव्हे, तर त्या विधवा शिक्षिकेने ठेवले त्या बुद्धीने. आणि दहावीच्या मुलीस स्थळ सांगून आले, तर ज्येष्ठांनी एकमुखाने ‘अजून नाही’ असे म्हणावे.

शेवटी एक विनंती. प्रत्येक घरात एखादी आजी, आत्या वा मावशी अशी असेल की जी कोणाच्या ओसरीवर राहून शिकली, किंवा बहिणीने शिकावे म्हणून स्वतः घरी बसली. तिच्याजवळ बसून तिची हकीकत लिहून घ्यावी व संपादक मंडळाकडे पाठवावी. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांच्या यादीशेजारी अशा भगिनींची यादी छापण्याचा आमचा मानस आहे. त्या यादीत शिकलेल्या थोरलीचे नाव येईल, तसेच चौथीतून घरी बसलेल्या धाकटीचेही यावे, अशी आमची इच्छा आहे.